आत बसलेली बाई

धाकटी रोज तीनशे-साडेतीनशे बायकांना उघडं बघायची आणि त्यातल्या एकीलाही ओळखायची नाही. तिची नोकरीच तशी होती.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत ते माणूसभर उंचीचं काचेचं यंत्र असतं. त्यात शिरायचं, जमिनीवर रंगवलेल्या पावलांवर आपली पावलं ठेवायची आणि शरण आल्यासारखे हात वर करायचे. त्यातून निघालेलं चित्र कुठे जातं, असा प्रश्न शंभरातल्या दोघांना पडतो. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना आपले बूट आणि पट्टा परत कधी मिळतात याचीच काळजी. बायकांची चित्रं धाकटीकडे जायची. रांगेपासून दोन भिंती आणि एक बोळ ओलांडून एक बिनखिडकीची खोली होती. तीन खुर्च्या, तीन स्क्रीन, एक घड्याळ, आणि एसी असा की भर उन्हाळ्यात स्वेटर चढवून बसावं लागे. मोबाइल बाहेरच्या कपाटात कुलूपबंद. स्क्रीनवर राखाडी रंगाची बाई यायची, कपड्यांशिवाय. चेहऱ्याच्या जागी यंत्राने फिरवलेला बोळा, बाकी सगळं जसंच्या तसं.

सुरुवातीला असं नव्हतं. यंत्र नवं आलं तेव्हा स्क्रीन रांगेतच ठेवला होता, आणि तिथल्या दोन टवाळांनी एका जाड्या बाईच्या चित्रावरून काहीतरी खुसुखुसु केलं. बाईने ते ऐकलं. मग जो गदारोळ उठला, विचारू नका. अर्धी दुनिया म्हणायला लागली, यंत्र फोडून टाका, माणसाची काही लाज आहे की नाही? उरलेली अर्धी म्हणायला लागली, लाज जिवंत माणसाला असते, आधी जिवंत पोहोचू द्या. शेवटी मोठी माणसं मोठ्या टेबलाभोवती बसली, भरपूर चहा झाला, आणि तोडगा निघाला: मध्ये भिंत घाला. बघणाऱ्याला माणूस दिसायचा नाही, माणसाला बघणारा दिसायचा नाही. चेहरा पुसायचा. बायकांना बायकांनीच बघायचं. निकाल लागला की चित्र कायमचं नष्ट. आणि आतल्या खोलीत आपण काय काम करतो हे बघणारीने बाहेर कुणाला, अगदी नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. धाकटीच्या घरच्यांची समजूत अशी की ती सामानाच्या पेट्या बघते.

खरं सांगायचं तर सोय वाईट नव्हती. धाकटीचा तिच्यावर मनापासून विश्वास होता. रांगेतल्या बायकांना माहीत नव्हतं, पण त्यांची अब्रू ती डोळ्यांत तेल घालून सांभाळायची.

खोली आणि रांग यांच्यात बोलायची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती, कारण आधीचा घोटाळा बोलण्यातूनच झाला होता. हिरवं बटण दाबलं की बाई सुटली. शंका आली तर चित्रावर बोटाने चौकोन काढायचा, म्हणजे रांगेतल्या मुलीला अंगाच्या त्या जागी खूण दिसायची आणि ती बाईला पडद्यामागे न्यायची. काय दिसलं, कसं दिसलं, जरा सांभाळून हात लाव, यातलं काही सांगता यायचं नाही. वेळ बारा सेकंद. वीस मिनिटं बघायचं, वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं.

माणसं अंगावर काय काय घेऊन चालतात याचा हिशेब नाही. एकीने पोटावर सहा जोड मोजे बांधले होते, कारण बॅगेत बसत नव्हते. पट्टे, पट्ट्या, मलमं, लघवीच्या पिशव्या, कुणाचं वाढलेलं पोट, कुणाचं उतरलेलं. दिवसाला तीन-चार जणी छातीवर बनावट स्तन बसवलेल्या असायच्या. तो गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखा एकसारखा दिसतो, नजरेला लगेच कळतो. खोलीतल्या बायकांचा अलिखित रिवाज असा की ते दिसलं की काही न बोलता हिरवं दाबायचं. धाकटीच्या शेजारी बसणारी चष्मेवाली तर दाबताना पुटपुटायची, "जा गं बाई, जा."

आता या रिवाजात एक मेख होती. खोलीच्या मॅडम खऱ्या चित्रांमध्ये अधूनमधून खोटी चित्रं सोडायच्या, बघणारी जागी आहे की नाही ते पाहायला. खोट्या चित्रावर चौकोन काढला तर तीन सेकंदांत खाली पट्टी यायची, "ही चाचणी होती. बरोबर." हिरवं दाबलं तर लाल पट्टी, "ही चाचणी होती. चूक." त्या आठवड्यात सोमवारी धाकटीला लाल पट्टी आली. चित्रातल्या बाईच्या छातीवर पुडी होती, भुकटी भरलेली, कडा खडबडीत. धाकटीला वाटलं, असेल बिचारी, आणि तिने सोडलं.

मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"तुम्ही दयेनं बघता," त्या म्हणाल्या. "दया घरी करा. विमानात दोनशे माणसं असतात, त्यांच्यावर कोण दया करणार? गुळगुळीत असेल तर सोडा. खडबडीत, दाणेदार, अनोळखी असेल तर चौकोन. विचार करायचा नाही. पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला खोलीतून काढावं लागेल."

यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. धाकटीने कानाला खडा लावला.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई धाकटीहून सात वर्षांनी मोठी. विमानतळापासून गाडीने दोन तासांवरच्या गावात राहायची, बायकामुलांचे कपडे शिवायची. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धीच. लहानपणी धाकटीने रागाच्या भरात लोखंडी दार आपटलं होतं आणि मधे ताईचा हात होता. ताईने आईला सांगितलं, वाऱ्याने आपटलं. पुढे जन्मभर तेच सांगितलं. ताईचं सगळंच असं. दुखलंखुपलं तर कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. धाकटीने फोन केला तेव्हा ताई म्हणाली, "मला जमत नाही गं यायला." बस, एवढंच. कारण नाही, रडणं नाही. आईचं शेवटचं तोंड बघायला पोटची मोठी मुलगी येत नाही! नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता धाकटीच्या तोंडाला फेस आला. संध्याकाळी तिने पुन्हा फोन लावला आणि तोंडात येईल ते बोलली. शेवटी म्हणाली, "आजपासून मला बहीण नाही." ताईने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोन वर्षं अबोला. आणि ही दोन वर्षं धाकटीने कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. राग पहिल्या सहा महिन्यांतच विरून गेला होता. उरला होता तो नुसता ताठा. रोज ती मोबाइलवर "ताई, कशी आहेस" एवढं लिहायची आणि पुसून टाकायची. तिला तिची बहीण परत हवी होती. दुसरं काहीही नको होतं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला धाकटीची वीस मिनिटांची पाळी सुरू होऊन सहा मिनिटं झाली होती. स्क्रीनवर एक बाई आली, मध्यम उंचीची, वाळलेली. नजर सवयीने आधी छातीवर गेली. उजव्या बाजूला उंचवटा होता. गुळगुळीत नव्हता. आत बारीक बारीक दाणे, कडेला शिवणीसारखी रेघ. सोमवारचं सगळं एका क्षणात आठवलं, आणि विचार न करता, अगदी मॅडमनी सांगितलं होतं तसं, तिच्या बोटाने चौकोन काढला. चौथ्या सेकंदाला.

मग नजर खाली कमरेवर, मांड्यांवर, आणि शिकवलेल्या क्रमाप्रमाणे सगळ्यांत शेवटी वर धरलेल्या हातांवर गेली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धी होती.

 धाकटी पट्टीची वाट बघायला लागली. आता येईल: ही चाचणी होती. एक, दोन, तीन. मॅडमनी कुठून तरी असं चित्र आणलं असेल, बोटं तुटलेल्या बायका जगात काय कमी आहेत. चार, पाच. पट्टी आली नाही.

चौकोन परत घेता येत नाही. रांगेतली मुलगी वस्तू तपासून निकाल देईपर्यंत चित्र तसंच समोर राहतं. ताई हात वर करून तिच्यासमोर उभी राहिली. खरी ताई तोवर पडद्यामागे गेलेली होती. आता धाकटीला दिसायला लागलं ते सगळं, जे बारा सेकंदांत बघायचं नसतं: उंचवट्यामागे छाती सपाट होती. काखेपासून एक खाच होती. फासळ्या मोजता येत होत्या. उजवा हात डाव्याइतका वर गेलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ताईला का जमलं नाही, हे तिला कुणी न सांगता कळलं, आणि आपण फोनवर काय काय बोललो होतो तेही शब्दन् शब्द आठवलं.

ओळख पटली तर काय करायचं याचाही नियम होता. लगेच मॅडमना सांगायचं, चित्र दुसरीकडे द्यायचं आणि एक फॉर्म भरायचा. नातं काय, आणि कशावरून ओळखलं. म्हणजे ताईचं अंग कागदावर उतरवायचं, खाली सही करायची आणि तो कागद फायलीत लागणार. जे ताईने सख्ख्या बहिणीपासून झाकलं ते मॅडम वाचणार, मॅडमचे साहेब वाचणार. धाकटी गप्प बसली. तिच्या मते ती ताईची लाज राखत होती. आता लाज राखून उपयोग काय, हे तिलाही कळत होतं.

"काय गं, अडकलं का?" चष्मेवालीने विचारलं.

"हं."

अकरा मिनिटांनी चित्र पुसलं गेलं. निकाल: धोका नाही.

पाळी संपल्यावर धाकटी मागच्या बोळातून, जिना उतरून, सामानाच्या बाजूने वळसा घालून रांगेपाशी पोहोचली. खोलीतल्या बायकांना रांगेतून जायला बंदी होती, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. तोवर तिथे ताई नव्हती. झाडूवाला पडद्याच्या खालून दाणे ओढत होता, पाखरांना घालतात ना, तसले बारीक पिवळे.

"विमानात पोपट घेऊन निघालं होतं का कुणी?" तो धाकटीला म्हणाला. "चाकांच्या खाली गेलेत, पट्ट्यात गेलेत. एक गोळा करतोय तर दहा निघतायत."

पडद्याजवळची मुलगी हातमोजे काढून नुसतीच उभी होती. धाकटी आत बसते हे तिला माहीत नव्हतं, कुणालाच नसायचं.

"एका बाईने घरी शिवलेलं होतं," ती म्हणाली. "दाणे भरून, वजनाला. विकतचं टोचतं म्हणाली. पण आत काय आहे ते कळल्याशिवाय सोडता येत नाही ना. ती म्हणाली, मला कात्री द्या, मी उसवते, माझीच टीप आहे. आता प्रवाशाच्या हातात कात्री कशी देणार मी? मग मीच फाडलं. सगळं सांडलं. आतल्या बायांना काय, चौकोन टाकून मोकळ्या."

"मग?"

"मग काय. हॉस्पिटलची फाइल छातीशी धरून गेली."

"काही बोलली?"

"थँक्यू म्हणाली." मुलीचे डोळे भरून आले. "मलाच थँक्यू म्हणाली."

शुक्रवारी मॅडमनी आठवड्याचा तक्ता वाचून दाखवला. गुरुवारची खूण अचूक, अनोळखी वस्तू, उघडून तपासली. "असं काम हवं," मॅडम म्हणाल्या, आणि सोमवारचा डाग धुऊन निघाला. चष्मेवालीने तिच्या पाठीवर थाप मारली. 

आठ दिवसांनी तिने धीर करून ताईच्या घरी फोन लावला. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने उचलला.

"भाऊजी, मी बोलतेय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "बोल गं."

"सहज केला. बरे आहात ना सगळे?"

"आहोत."

"ताई?"

"झोपलीये."

दुपारचे बारा वाजले होते. ताई जन्मात कधी दुपारी बाराला झोपली नव्हती, आणि हे भाऊजींनाही माहीत होतं, धाकटीलाही. भाऊजी थांबले होते. एक प्रश्न विचारायचा होता. "तिला बरं नाही का?" एवढे चार शब्द, कुठल्याही बहिणीने विचारले असते. दुपारी झोपलेल्या माणसाची चौकशी करायला काही स्कॅनर लागत नाही. पण पोटात गुपित असलं की साधा प्रश्नही चोरीचा वाटतो. हिला कसं कळलं, असं भाऊजींच्या मनात आलं तर? ताईपर्यंत गेलं तर? बावळट कुठली! तिने नेमकं तेव्हाच तोंडाला कुलूप घातलं.

"बरं. फोन केला होता म्हणून सांगा."

"सांगतो," भाऊजी म्हणाले.

त्यानंतर धाकटीने कामात एक गोष्ट बदलली. चित्र आलं की ती आधी डावा हात बघायची. हॉस्पिटलची फाइल घेऊन गेलेली बाई पुन्हा जाणार, अशी औषधं एका खेपेत संपत नाहीत, एवढं तिला कळत होतं. पुढच्या वेळी ताई आली की डोळे मिटून हिरवं दाबायचं, दाणे असोत की दगड, मग नोकरी गेली तर गेली. तिने पक्कं ठरवलं होतं. रोज तीनशे-साडेतीनशे डावे हात. महिना गेला. दुसरा गेला. तिची पाळी नसेल तेव्हा जात असेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची. चष्मेवालीला अडूनअडून विचारायची, आज काही वेगळं दिसलं का? चष्मेवाली म्हणायची, वेगळं काय दिसायचंय, सगळ्यांना दोन हात दोन पाय.

तिसऱ्या महिन्यात भाऊजींचा फोन आला. "येऊन जा," एवढंच म्हणाले.

ताईचा पलंग शिवणाच्या खोलीत, खिडकीशी लावला होता. मशीनवर चादर टाकलेली. भिंतीवर कुणाच्या तरी मुलीचा अर्धवट फ्रॉक टाचण्यांसकट टांगलेला. ताई एवढीशी झाली होती. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "ये," जणू धाकटी कालच इथून गेली होती.

धाकटी पलंगाच्या कडेला बसली आणि तिचा बांध फुटला. "ताई, मी तेव्हा जे बोलले..."

"बरोबर बोललीस. मी तुझ्या जागी असते तर आणखी बोलले असते." ताईला बोलताना मधे थांबावं लागत होतं. "आई गेली त्याच सकाळी, तुझा फोन ठेवला आणि मला आत घेतलं ऑपरेशनला. यांना म्हटलं, कुणाला सांगू नका. एका दिवशी दोन-दोन कशाला."

"नंतर तरी सांगायचं होतंस."

"नंतर तू म्हणालीस, बहीण नाही." ताईने हे तक्रार म्हणून म्हटलं नाही, घडलं तसं सांगितलं.

भाऊजी दारात उभे होते. "पुन्हा उलटलं, तेव्हा त्या लांबच्या हॉस्पिटलवाल्यांनी आठ खेपा सांगितल्या होत्या," ते म्हणाले. "रस्त्याने दीड दिवस, हिला झेपणार नव्हतं, म्हणून विमान. एक खेप केली आणि म्हणाली, आता नाही जाणार. डॉक्टर म्हणत होते गुण येईल. मी पाया पडलो हिच्या."

"पुरे हो," ताई म्हणाली. "चहा टाका तिच्यासाठी."

"अजून जाता येईल," धाकटी घाईघाईने म्हणाली. "मी येते बरोबर. ताई, मी तिथे आहे ना, मी बघते सगळं, कुणी हात लावणार नाही तुला..."

भाऊजींनी मान हलवली आणि आत गेले. ताई म्हणाली, "डॉक्टरच नको म्हणतात आता. थोडे दिवस राहिलेत, बसून घे माझ्याजवळ."

मग ती स्वतःहूनच सांगायला लागली. ती मुलगी चांगली होती, तिच्यावर राग नाही. पण पडदा आखूड होता. दाणे घरंगळत बाहेर गेले, आणि रांगेतली माणसं खाली वाकून बघायला लागली, पायाशी काय आलं म्हणून. एका लहान मुलीने दोनचार वेचून पडद्याखालून आत सरकवले, परत द्यायला.

"पुढे विमानात तीन तास बसले होते मी, एका बाजूने अशी," ताई म्हणाली. "येताना ठरवलं, मरेन पण परत त्या दारातून जाणार नाही. मूर्खपणा आहे, कळतंय मला. पण पायच उचलेना गं." ती दम घ्यायला थांबली. "राग आहे तो त्या आतल्या बाईचा. आत कुणीतरी बसलेलं असतं म्हणे, तिला सगळं दिसतं. तू तिथलीच ना? बाईच असते ना गं ती? का पुरुष?"

"बाईच असते."

"नक्की?"

"नक्की. पुरुषाला त्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत."

ताईने डोळे मिटले. "तीन महिने हेच डोक्यात होतं. बरं झालं." मग पुन्हा उघडले. "पण बाई असून तिला कळलं नाही? चौकोन काढला म्हणे तिने. छातीवर."

"बारा सेकंद मिळतात, ताई."

"तुला बरं माहीत."

"ऐकलंय."

"ओळखतेस तू तिला?"

धाकटीच्या ओठांवर आलं होतं. मीच ती. एकदा बोलून मोकळं व्हावं, ताईने तोंडात मारावी, थुंकावं, काय वाटेल ते करावं. तिने तोंड उघडलंही. पण ताईनेच तिचा हात दाबला.

"नको, सांगूच नकोस. नाव कळलं तर ती परकी राहायची नाही मला. या घरात मी कुणावर राग ठेवला नाही, तुझ्यावरसुद्धा नाही. एक ती राहिलीये. परकी आहे, तिच्यावर ठेवला तर चालतं."

"नाही ओळखत," धाकटी म्हणाली.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. ताईने दाराकडे बघितलं. "दार लोटून घे. आणि इकडे ये, उजेडात."

धाकटीने दार लोटलं. ताई कुशीवर वळून गाउनची बटणं काढायला लागली. तिला जमेना, पण धाकटीने हात पुढे केला तो तिने बाजूला सारला.

"यांनाही दाखवलं नाही मी अजून. दिवा मालवूनच कपडे बदलते. डॉक्टर, नर्स, ती मुलगी, त्यांचं कामच आहे ते, ते सोड. पण आपल्या माणसाने कुणी बघितलंच नाही गं मला. ती कोण कुठली बाई तेवढी बघून गेली, आणि मग जाऊन जेवलीही असेल. तू बघ. एकदा नीट बघ."

खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. स्क्रीनवर जे राखाडी होतं ते इथे तांबूस, जांभळट, काही ठिकाणी मेणासारखं पांढरं होतं. काखेपासून छातीच्या हाडापर्यंत एक वेडीवाकडी रेघ गेली होती. पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे धाकटीला माहीत नव्हतं. तिने तसा करायचा प्रयत्न केला.

"टीप बघ कशी घातलीये," ताई म्हणाली. "गिऱ्हाइकाने तोंडावर फेकली असती माझ्या." आणि ती हसली, हसताना खोकली.

धाकटीने तिच्या पाठीवर हात फिरवला, बटणं लावली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. ताई शांत झाली होती. इतकी शांत की धाकटीला ते बघवेना.

"आता त्या बाईचं काही नाही मला," ताई म्हणाली. "मी असं धरते, की तूच पहिली बघितलंस."

"धर," धाकटी म्हणाली.